पानाच्या तळाची तारीख

६ जानेवारी
कामाच्या नोंदीत ‘मला वाटतं’ हे शब्द यायचे नाहीत, असा नियम मीच केला आहे. ते शब्द कुठेतरी जायला हवेत म्हणून ही वेगळी फाइल.

साइट आज पुन्हा पडली, भर दुपारी. ‘उघडी पानं’ फक्त ऑनलाइन निघतं, त्यामुळे साइट पडली की आम्ही नसतोच. आमचा विषय एकच: संशोधन सगळ्यांना विनामूल्य वाचता यावं का, यावं तर कसं, आणि त्याला कुलूप घालून बसलेले प्रकाशक नेमकं काय करतात. आमच्याकडे वर्गणी नाही, लॉगिन नाही. कुणीही यावं, वाचावं, उतरवून घ्यावं.

आम्ही तिघं आहोत. संपादकबाई ग्रंथालयशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी हे सुरू केलं. भाषा तपासणाऱ्याला बाई ‘स्वल्पविराम’ म्हणतात, कारण दिसेल तिथे तो एक घालतो. आणि मी: साइट, सर्व्हर, लिंका. खोली संस्थेची, सगळ्यात वरची. पूर्वी इथे झेरॉक्सची मशीनं होती. भिंतीला अजून शाईचा वास येतो.

साइट पडल्यावर संगणक विभागाचे प्रमुख स्वतः जिने चढून आले. आमचा आणि संस्थेच्या प्रवेशअर्जांचा सर्व्हर एकच आहे. आमच्यावर गर्दी झाली की त्यांचे अर्ज अडतात.

“महिनाअखेर मोजणार,” ते म्हणाले. “लोड निम्म्यावर आला नाही, तर लॉगिन लावा. नाहीतर बिऱ्हाड हलवा.”

बाई म्हणाल्या, “आम्ही लॉगिन लावायचं? डॉक्टरनं दवाखान्याच्या मागे उभं राहून विडी ओढण्यासारखं आहे ते.”

“ओढतात की, बाई. मी पाहिलंय.”

“तुम्ही त्याच्याकडे औषधाला जाता का मग?”

बिऱ्हाड हलवायला दुसरी जागा आम्हाला नाही, हे तिघांनाही माहीत आहे. आणि लॉगिन लावलं तर बाई संपादक म्हणून आपलं नाव काढून घेतील, हे मला माहीत आहे.

८ जानेवारी
दोन दिवस लॉग वाचते आहे. कोण आलं, कुठलं पान मागितलं, किती वेळाने दुसरं मागितलं, एवढंच त्यात असतं. गर्दी माणसांची नाहीच. बॉट आहेत, आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्रॅम. कुणीतरी कुठेतरी पुष्कळ मजकूर गोळा करत आहे, आणि आमचा मजकूर मोकळाच पडलेला. एकच लेख एकाच दिवसात शेकडो वेळा उतरवून नेतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं स्वल्पविराम म्हणाला. आंधळं कोण, असं बाईंनी विचारल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

बहुतेक बॉट ओळखायला सोपे आहेत. झुंडीने येतात, इंटरनेटवरचे पत्ते बदलतात. एक मात्र वेगळा आहे. झुंड नाही, एकटा. रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास येतो आणि एकच पान मागतो. माझ्या इथल्या पहिल्या अंकातलं, मी लिहिलेलं, ‘ही साइट कशी चालते’. ते कुणी वाचत नाही. मीही परत वाचलेलं नाही. हा पान उघडतो, काही सेकंदांत तळाशी पोहोचतो आणि जातो. तळाशी पोहोचतो हे मला कळतं, कारण तळाची ओळ मी वेगळी ठेवली आहे. कुणी खालपर्यंत आलं तरच ती सर्व्हरकडून मागवली जाते.

ती ओळ म्हणजे माझी सवय. लिंका मरतात. म्हणून रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी काही पानं मी हाताने उघडून तपासते आणि तळाशी ‘तपासलं’ म्हणून तारीख आणि माझी आद्याक्षरं टाकते. सुरुवात नेहमी त्याच पानापासून, त्यामुळे त्याची तारीख रोज बदलते. रविवारी नाही.

मी त्याला ‘साडेपाचवाला’ नाव दिलं आहे. सोमवारी तो दोनदा येतो, पहाटे आणि संध्याकाळी. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला त्याने सोमवारसाठी वेगळी आज्ञा का दिली असेल, कळत नाही.

११ जानेवारी, रविवार
आईचा फोन. रविवारी असतो.

“जेवतेस ना वेळेवर?”

“हो.”

“काय जेवलीस?”

“आई, मी सत्तावीस वर्षांची आहे.”

“म्हणजे नाही जेवलीस.”

वडिलांविषयी मी विचारत नाही, पण ती सांगते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पहाटे उठून बसतात. पाणीपुरवठ्यात होते. रोज उजाडायच्या आत टाकीवर चढून पातळी बघायची, हे त्यांचं काम. आता टाकी नाही, तर कॉम्प्युटर उघडतात. “शेजारच्या मास्तरांकडून शिकले,” आई म्हणाली. “पहाटे पहाटे काय एवढं बघायचं असतं, विचारलं तर म्हणतात, पातळी बघतो. माणूस पार बिघडलाय.”

मी म्हटलं, वेळ जात नसेल.

आमचं बोलणं नाही. मी कंपनी सोडून इथे आले तेव्हा ते म्हणाले होते, “फुकटाचा नळ कुणी बंद करत नाही. आयुष्यभर तेच बघितलंय मी.” मी म्हटलं, मग नळ काढून टाकायचा का? ते म्हणाले, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. त्यावर मी निघाले. दोघांनीही आपापला शब्द पाळला आहे. आमच्या घरात शब्द पाळतात.

लॉग बघितल्यापासून त्यांचं ते वाक्य डोक्यात येतं. वाक्य बरोबर आहे. एवढंच म्हणणं आहे माझं, जास्त नाही.

आज एक गोष्ट आठवली. नोव्हेंबरात मला ताप होता, आठवडाभर मी खोलीत पडून होते. आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तरी तिचा मधल्याच वारी फोन आला, “बरी आहेस ना गं?” आयांना कळतं म्हणतात. माझा यावर विश्वास नाही. पण दुसरं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही.

१४ जानेवारी
मागचे लॉग काढले. साडेपाचवाला दीड वर्षापासून येतो आहे. म्हणजे मी इथे आल्यानंतर थोड्याच महिन्यांपासून. नोव्हेंबरात एक आठवडा तो बिघडलेला दिसतो: दिवसातून दहा-दहा वेळा तेच पान, तीच तळाची ओळ. नंतर एकदम पूर्ववत. पानात बदल झाला नाही की पुन्हा पुन्हा मागायचं, अशी त्याची रचना असावी. बॉटमध्ये हे दिसतं. कामाच्या नोंदीत तसंच लिहिलं.

दुपारी तिघं बसलो. बॉट बाहेर ठेवायची गाळणी कशी लावायची ते मी सांगितलं. वागणुकीवरून ओळखायचं: जो ठरलेल्या वेळी येतो, ठरलेलंच पान मागतो, वाचायला लागेल इतका वेळ थांबत नाही आणि दुसऱ्या कुठल्याही पानावर जात नाही, तो बॉट. झुंडी तर वेगळ्या नियमानं जातीलच.

स्वल्पविराम म्हणाला, “म्हणजे आमचे आजोबा बॉट. रोज सकाळी एकच पेपर, एकच पान, निधनवार्ता. वाचत नाहीत, नुसते फोटो बघतात. ओळखीचं कुणी नाही ना एवढं पाहून चहा मागतात.”

“आजोबा लॉगमध्ये नाहीत.”

“आजोबा आता पेपरात येऊन गेले गं. पण नियम लागू होतो का सांग.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हे बघ मुली, सुक्याबरोबर ओलं जळायला नको. शंभर बॉट आत आले तरी चालतील, एक वाचक बाहेर राहता कामा नये. एवढं एकच आपण बारा वर्षं लिहितोय.”

मी म्हटलं, शंभर आत आले तर महिनाअखेर लॉगिन लागेल आणि सगळेच बाहेर राहतील.

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “मग अडवलेल्याला निदान बोलायची सोय ठेव,” त्या म्हणाल्या. “दारावर नुसतं कुलूप नको. आत कुणीतरी आहे, एवढं कळू दे.”

१५ जानेवारी
अडवलेल्याला दिसेल असं पान केलं. मजकूर माझा: ‘आपली मागणी यंत्राकडून आल्यासारखी वाटते. आपण माणूस असल्यास खालच्या चौकटीत तसे लिहा.’ ते लिहून पाठवलं की दुसरी चौकट येते: ‘आपल्याला काय वाचायचे आहे आणि कशासाठी?’ नाव किंवा ईमेल विचारत नाही, ते आमच्या तत्त्वात बसत नाही. चौकटीतलं सगळं माझ्याकडे येतं.

स्वल्पविरामाने दोन स्वल्पविराम घातले. मी काढले.

१९ जानेवारी
गाळणी चालू. संध्याकाळपर्यंत लोड निम्म्याच्याही खाली आला. संगणक विभागाच्या प्रमुखांनी खालून फोन करून “शाबास” म्हटलं. साइट पहिल्यासारखी चटकन उघडते आहे. हे लिहिताना मला बरं वाटतं आहे, आणि ही फाइल त्यासाठीच आहे.

साडेपाचवालाही अडकला. मला अपेक्षित होतं.

२१ जानेवारी
अडवलेला बॉट साधारण दोनच गोष्टी करतो: सोडून देतो किंवा दुसऱ्या पत्त्यावरून घुसायला बघतो. साडेपाचवाला दोन्ही करत नाही. त्याच वेळी येतो, नकार घेतो, जातो. थोड्या वेळाने परत येतो. घुसायचा प्रयत्न नाही. दाराशी उभं राहिल्यासारखं.

आज पहिल्या चौकटीत एक संदेश आला. सगळ्या अडवलेल्यांतून एकुलता एक.

‘मी माणूस आहे.’

दुसरी चौकट रिकामी. वेळ साडेपाचनंतरची.

स्वल्पविरामाला दाखवलं. तो म्हणाला, “सोमवारी सकाळी मलाही इतक्या खात्रीनं सांगता येत नाही.” मग म्हणाला, “सोड ना बिचाऱ्याला.”

मी म्हटलं, हल्ली हे वाक्य बॉटही लिहितात. दुसरी चौकट भरलेली नाही, म्हणजे वाचायचं काहीच नाही. माझ्या मते हे बरोबर होतं.

२३ जानेवारी
दुसरी चौकट भरून आली.

‘आपल्याला काय वाचायचे आहे आणि कशासाठी?’ याचं उत्तर: ‘वाचत नाही. तारीख बघतो.’

हे बॉटचं उत्तर नाही. पण माणसाचं म्हणावं तर अर्थ लागत नाही. ज्याला त्या विषयातलं काही वाचायचं नाही, त्याला लिंका कधी तपासल्या याच्याशी काय करायचं आहे? कदाचित एखादा ग्रंथपाल असेल, आमची साइट जिवंत आहे का याची नोंद ठेवणारा. तसं बाईंना म्हटलं.

बाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. दोन शब्दांची दोन वाक्यं वाचायला त्यांना फार वेळ लागला.

“कुठल्या पानावरची तारीख?”

“ही साइट कशी चालते.”

“तू बदलतेस ती.”

“हो.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

“मग सोमवारी पहाटे त्याला काय दिसत असेल?”

“शनिवारचीच तारीख.”

“म्हणून संध्याकाळी परत येतो,” बाई म्हणाल्या. सोमवारचं मी त्यांना मागे सांगितलं होतं, त्यांच्या लक्षात राहिलं. मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या, विद्यार्थ्याला उत्तर येतंय पण तो बोलत नाहीये, तेव्हा शिक्षक बघतात तसं. मला उत्तर येत नव्हतं. 

“तुझ्या घरी कोण कोण असतं गं?” त्यांनी विचारलं. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा.

“आईवडील.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “त्याला आत घे.”

मी म्हटलं, त्याच्या पत्त्याचे आकडे त्याची इंटरनेट कंपनीच बदलत राहते. त्याला एकट्याला आत घेता येणार नाही, वेळेचा नियमच सैल करावा लागेल. आठवड्यावर मोजणी आहे. नियम सैल केला आणि लोड वर गेला, तर लॉगिन.

“तू हुशार आहेस,” बाई म्हणाल्या. “काढ काहीतरी.” त्यांच्या तोंडी हे कौतुक नसतं.

२५ जानेवारी, रविवार
आईचा फोन.

“तुला त्या कॉम्प्युटरातलं कळतं ना? ह्यांचं काहीतरी बंद पडलंय. आठवडाभर तोंड उतरलंय. सकाळी उघडतात, बघतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. चहा गार होतो.”

मी विचारलं, पडद्यावर काय येतं?

“मला काय कळतंय? मी विचारलं तर म्हणाले, मला आत घेत नाहीत. म्हटलं कोण घेत नाही, बँक का? तर म्हणाले, नाही. परवा एका बोटानं टाइप करत बसले होते. अर्धा तास. मी म्हटलं काय लिहिताय एवढं, तर हातानं पडदा झाकला. लहान मुलासारखं.”

मी म्हटलं, राउटर बंद करून चालू करायला सांग.

“सांगते. तू बरी आहेस ना?”

“हो.”

“नाही, ह्यांनीच विचारायला सांगितलंय. म्हणजे सांगितलं नाही. पण फोन लावताना शेजारी येऊन उभे राहिले.”

“आत्ता आहेत?”

“गेले आत. नाव काढलं की जातात.”

फोन ठेवला. मग लॉग उघडला आणि नोव्हेंबरचा तो आठवडा पुन्हा वाचला. त्यात बदललेलं काही नव्हतं. आकडे तेच होते. बिघाड त्यात नव्हताच.

नोंदीतलं १४ जानेवारीचं वाक्य खोडलं नाही. आमच्याकडे छापलेलं पुसायची पद्धत नाही, चूक असेल तर वर तसं लिहायचं. वर लिहिलं: ‘हे चुकीचे आहे.’

२६ जानेवारी
राउटर बंद करून चालू केल्याने अर्थातच काही झालं नसणार. 

झेंडावंदन आटोपून आम्ही वर आलो आणि दिवसभर मी त्या एका पानावर काम केलं. चित्रं काढली, आकृत्या काढल्या, बाजूच्या याद्या काढल्या. नुसता मजकूर आणि तळाची ओळ राहिली. आता ते इतकं हलकं आहे की हजार बॉट आले तरी सर्व्हरला कळणार नाही. मग ते पान गाळणीतून वगळलं. बाकी नियम आहेत तसे. ते एक पान सगळ्यांना उघडं: माणसांना, यंत्रांना, कुणालाही.

गाळणीत अपवाद करताना कारण लिहावं लागतं. रिकामं ठेवलं तर फाइल जतन होत नाही, तसं मीच केलं आहे. ‘वाचक’ लिहिलं, पण ते खरं नाही, वाचत नाही असं त्यांनीच कळवलं आहे. ‘चाचणी’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘पातळी बघण्यासाठी’.

स्वल्पविरामाने मागून वाचलं. “कसली पातळी?”

“पाण्याची.”

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच काहीही न घालता निघून गेला.

संध्याकाळी पान तपासलं, तारीख बदलली. आद्याक्षरांपाशी थोडं थांबले. तिथे आणखी एखादा शब्द बसला असता. टाकला नाही. ते पान सगळ्यांना दिसतं.

२७ जानेवारी
साडेपाचनंतर दोन मिनिटांनी. पान, तळाची ओळ. गेले.

पान आणि तळाची ओळ यांत एरवी काही सेकंद. आज बराच वेळ गेला.

३० जानेवारी
मोजणी झाली. लोड निम्म्याखाली. संगणक विभागाचे प्रमुख पुन्हा वर आले, कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. लॉगिन नाही, बिऱ्हाड नाही.

“पण एक पान सताड उघडं ठेवलंय तुम्ही,” ते मला म्हणाले. “बॉट येऊन जेवून जातायत तिथे.”

“हलकं आहे ते. जेवायला काही नाही.”

“तरी पण. नियम म्हणजे नियम. बंद का नाही करत?”

मी उत्तर द्यायच्या आत बाई म्हणाल्या, “आमचा एक जुना वाचक आहे.”

“एका वाचकासाठी?”

“साहेब, तुम्हाला कधी एक तरी होता का?”

ते हसत गेले. मग चहा बाईंनी केला. एरवी तो मी करते.

१ फेब्रुवारी, रविवार
आईचा फोन. राउटरनं काम झालं, म्हणाली. “कळतं हो तुला. हे सुद्धा म्हणाले, झालं चालू.”

“आणखी काय म्हणाले?”

हा प्रश्न मी विचारत नाही. “काही नाही,” ती म्हणाली. “म्हणाले, सोमवारची पातळी कळायला संध्याकाळ होते. आता यातलं मला काय कळणार? तुला कळलं का?”

“हो.”

“मग सांग की.”

“पुढच्या रविवारी.”

संध्याकाळी संस्थेत गेले. रखवालदाराने विचारलं, आज कशा काय? काम आहे, म्हटलं. वर जाऊन खोली उघडली. पान तपासलं, सगळ्या लिंका चालू आहेत. तारीख बदलली. घरूनही करता आलं असतं, पण मी पानं तिथूनच तपासते.

२ फेब्रुवारी
साडेपाचवाले पहाटे आले, तळापर्यंत गेले, निघाले.

सोमवार असल्यामुळे संध्याकाळी लॉग उघडा ठेवला. आले नाहीत. यायचं कारण उरलं नव्हतं, ते मीच काढून टाकलं होतं. तरी खोली बंद करायला उशीर झाला. बाई आणि स्वल्पविराम केव्हाच गेले होते.

निघताना पान तपासलं. तारीख बदलली.